बोरन्हाणाची सजावट पाटाच्या उंचीची

संक्रांत जवळ आली की घराघरांत बोरन्हाणाचे, म्हणजे लहान बाळाच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतून पोरांना ते लुटू द्यायच्या समारंभाचे, बेत ठरू लागतात, आणि बेत ठरला की पहिला फोन हल्ली सजावटवाल्याला जातो. आठ फुटी लोखंडी कमान, तिच्यावर काळे-सोनेरी फुगे, मधोमध बाळाच्या नावाचा फ्लेक्स. हे सगळं उभं राहिलं की ज्याचं बोरन्हाण त्याला समोर पाटावर बसवतात. वर्षाचं मूल पाटासकट मोजलं तरी जमिनीपासून जेमतेम दोन फूट भरतं. फोटो काढणारा बाळाजवळ गेला तर कमान दिसत नाही, आणि कमान घ्यायला मागे सरकला तर बाळ कोणाचं हे ओळखू येत नाही. बहुतेक पैसा छताजवळच्या हवेवर खर्च झालेला असतो.

बोरन्हाण हा बसून करायचा समारंभ आहे. बाळ पाटावर, मागे किंवा शेजारी आई, बायका सतरंजीवर, आणि लुटीला आलेली पोरं तर ओणवी नाहीतर पालथीच. सगळ्यांची नजर खाली असते. म्हणून घरच्या घरी सजावट करायची तर एकच माप डोक्यात ठेवावं: जमिनीपासून पावणेचार फूट. त्याच्या वर काही लावायचं नाही. शिडी लागत नाही, भिंतीला खिळा लागत नाही, सामान निम्म्यावर येतं आणि दोघांत मिळून सगळं एका संध्याकाळी उभं राहतं.

थीम शोधायचीही गरज नाही, ती ऋतूनेच दिलेली आहे. काळं कापड, पांढरा काटेरी हलवा, पतंग, बोरं, ऊस, हरभरा. यात कार्टूनमधलं पात्र आणून बसवलं की दोन्हींची शोभा जाते, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलाला ते पात्र आवडत असेल तर वाढदिवस आहेच की. तारखेचं मात्र आधी बघून ठेवा. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, पण संक्रांत सूर्याच्या हिशेबाने १४-१५ जानेवारीला आणि रथसप्तमी चंद्राच्या हिशेबाने, त्यामुळे मधले दिवस दर वर्षी कमीजास्त होतात. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, २०२६ साली २५ जानेवारीलाच. ज्या वर्षी मुदत आखडती असते त्या वर्षी हलव्याचं काम संक्रांतीच्या आधीच उरकलेलं बरं.

मागचा पडदा

पडद्याला घरातली जुनी साडी उत्तम. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्ह्याला ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. आडवी टांगली की तिचा पन्हाच पडद्याची उंची होतो. वर सांगितलेलं माप तिथूनच आलं आहे. लांबी दुमडून दुहेरी केली की नऊ फुटांचा पडदा मिळतो, पलीकडचं आरपार दिसत नाही आणि काठ वर-खाली आपसूक महिरपीसारखे बसतात. सुती किंवा सुती-रेशमी साडी घ्या. शिफॉन आणि जॉर्जेट घसरतात, आणि पंख्याच्या वाऱ्यावर सतत हलतात.

रंगाच्या बाबतीत एक चूक हमखास होते. संक्रांत म्हणून पडदाही काळाच लावतात. बाळाच्या अंगात काळं झबलं, आईने नेसलेली चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, मागे काळा पडदा. फोटोत फक्त चेहरे आणि हलव्याचे दागिने अधांतरी तरंगतात. मोबाइलचा कॅमेरा एवढा काळोख बघून फोटो उजळायला जातो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. काळा रंग माणसांच्या अंगावर राहू द्या. मागे हळदी, आंबेहळदी किंवा फिकट पोपटी साडी असली की काळं कापड उठून दिसतं आणि त्या काळ्यावर पांढरा हलवा.

टांगायला दोन खिडक्यांच्या गजांमध्ये ताणलेली दोरी चालते, पण नऊ फुटांवर दोरी मधे झोल खातेच. त्यापेक्षा कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड भिंतीला टेकवून उभा करा आणि साडी त्याच्यावर टाका. एका स्टँडने पाच-सहा फूट झाकले जातात, पाटामागे तेवढं पुष्कळ झालं. स्टँड थोडा बुटका असेल तर उरलेलं कापड मागच्या बाजूला सोडायचं. साडी कपड्यांच्या चिमट्यांनी धरा. टाचण्या आणि सेफ्टी पिना टाळा, कापडाला भोकं पडतात हे एक आणि लुटीच्या गर्दीत एखादी निसटून सतरंजीवर पडते हे त्याहून वाईट. स्टँड मात्र मागून गजाला नाहीतर पडद्याच्या रॉडला सुतळीने बांधायलाच हवा. पोरं बोरांवर तुटून पडतात तेव्हा त्यांना स्टँड-बिँड काही दिसत नाही.

भिंतीला दुहेरी चिकटपट्टी लावू नका. काढताना डिस्टेंपरचे पोपडे घेऊनच येते. कागदी मास्किंग टेप हलक्या वस्तू दिवसभर धरते आणि अलगद निघते. आणि थर्माकोलची अक्षरं कापायचा विचार असेल तर तो सोडा. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोलला बंदी आहे. नाव लिहायचंच असेल तर जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा कापून अक्षरं करता येतात. तीन इंच उंचीची अक्षरं पुरे, वाचणारे सगळे चार हातांच्या आतच बसलेले असतात.

पतंग

पतंगाचा कागद स्टेशनरीच्या दुकानात तावाने मिळतो. २० बाय ३० इंचांचा ताव असेल तर त्यातून १० इंची सहा चौकोन अगदी बिनचूक निघतात, कात्रण काही उरत नाही. दुकानागणिक ताव थोडा लहानमोठा असतो, तेव्हा आधी मोजा आणि चौकोनाचं माप त्यावरून ठरवा. लाल, पिवळा आणि जांभळा असे तीन ताव आणले तर १८ पतंग होतात. पडद्यावर बाराच लावा, बाकीचे सहा फाटतील म्हणून हाताशी ठेवा.

काड्यांसाठी खराट्याचे हीर वापरा. बारीक, सरळ आणि फुकट. उभी काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे १० इंची चौकोनाला १४ इंच. आडवी काडी १६ इंचांची घ्यायची आणि वरच्या टोकाकडे कमान देत तिची दोन्ही टोकं डाव्या-उजव्या कोपऱ्यात चिकटवायची. वाळका हीर वाकवायला गेलं की कट्‌कन मोडतो, म्हणून आधी अर्धा तास पाण्यात भिजवून फडक्याने पुसून घ्या. टोकांवर कागदाचं ठिगळ लावल्याशिवाय कमान टिकत नाही, काडी उसळून कागद फाडते. हीर टोकदार असतो, तेव्हा ती ठिगळं नीट दुमडून टोक पूर्ण झाकलं आहे ना, हे बोट फिरवून बघा.

पतला फेविकॉल पतंगाच्या कागदावर लावला की कागद सुरकुततो आणि रंग फुटतो. गोंदाची कांडी बरी, किंवा घरची खळ: दोन मोठे चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा आणि पारदर्शक झाला की उतरवायचा. गार झाल्यावर बोटाने पातळ पुसल्यासारखी लावा. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. ती इथे नको, मोरचूद विषारी आहे आणि बाळाच्या हाताला लागेल ते तोंडात जाणारच. दोन दिवसांच्या पतंगाला कीड लागत नाही.

याच कारणासाठी पाट पडद्यापासून निदान दीड फूट पुढे मांडा. पतंगाचा आणि क्रेपचा कागद ओला झाला की रंग सोडतो; बाळाने शेपटी ओढून चोखली तर ओठ जांभळे होतील आणि आजी घाबरतील ते वेगळंच. शेपटीला क्रेपऐवजी साडीच्या फॉलची कात्रणं लावली तर हा प्रश्नच मिटतो. पतंगांना जोडणारा दोरा साधा सुती हवा. घरात मागच्या वर्षीचा मांजा पडलेला असेल तरी तो वापरू नका. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, ती त्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात म्हणून. जिथे दहा पोरं हात घालणार तिथे काच लावलेला साधा मांजासुद्धा नको.

मोठे पतंग खाली आणि छोटे वर लावावेत, उलट नाही. आकाशात दूरचा पतंग लहान दिसतो, तो आभास एवढ्याशा पडद्यावरही साधतो. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला थोडी कललेली असू द्या, वारा एका बाजूने येतो आहे अशी. सरळ रांगेत लावले की दुकानाच्या दर्शनी भागातल्या मालासारखे वाटतात.

हलव्याचे दागिने

खरी मेहनत आणि खरी मजा इथे आहे. हलवा घरी करणं हे वेगळंच तप आहे: खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत मंद आचेवर फिरवत चमचा-चमचा पाक सोडायचा, आणि हे सलग काही दिवस. काटा फुटायला कोरडी थंडी लागते. तो विकत आणण्यात कमीपणा काही नाही. बाळाच्या एका संचाला, म्हणजे मुकुट, हार, दोन बाजूबंद, दोन कडी आणि कंबरपट्टा याला, पाव किलो हलवा पुरून थोडा उरतो. दोन आकारांचा आणा. साबुदाण्यावरचा मोठा दाणा हारासाठी आणि तिळावरचा बारीक दाणा नक्षीसाठी.

दागिने करायच्या दोन रीती आहेत आणि वय बघून त्या निवडायच्या. पहिली चिकटवण्याची. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा हव्या आकारात कापायचा, त्याला काळं कापड लावायचं आणि वर हलवा. इथे फेविकॉल भसाभस ओतला की साखर विरघळते, काटे बसतात आणि दाण्याचा नुसता गुळगुळीत खडा उरतो. बोटाने पातळ थर द्या, मिनिटभर थांबा, चिकटसर झाला की दाणे ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. ग्लू गन झटपट वाटते, पण तिच्या उष्णतेने साखर पिवळी पडते, आणि एक धक्का बसला की दाणा गोंदाच्या गोळ्यासकट निघून येतो.

या रीतीचे दागिने तीन-चार वर्षांच्या मुलाला ठीक. ते खायचे नाहीत हे त्याला सांगता येतं. वर्षाच्या बाळाला काय सांगणार? त्याच्यासाठी दुसरी रीत, नेटची नळी. पांढऱ्या किंवा सोनेरी नेटच्या कापडाची दोन इंच रुंद आणि तीन फूट लांब पट्टी घ्या, लांबीत दुमडून कडेला बारीक धावदोरा घाला. तयार झालेल्या नळीत एका टोकाने एक मोठा दाणा सोडायचा, त्याच्यामागे दोऱ्याने घट्ट बांधायचं, मग पुढचा दाणा. दर दोन पांढऱ्या दाण्यांनंतर एक केशरी घेतला की हार भरल्यासारखा दिसतो. दाणा निसटत नाही, काटे मानेला टोचत नाहीत आणि बाळाने हार चोखला तरी त्यात गोंद नाही. वेळ दुप्पट लागतो, हे खरं. हारासाठी तीन फुटांची नळी पुरते. बांधत गेलं की ती आखडते, म्हणून आधीच लांबी तंतोतंत कापू नका.

मुकुटाचं माप सगळ्यात जास्त चुकतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंटिमीटर असतो, म्हणजे १८ इंच. पुठ्ठ्याची पट्टी १८ इंची कापून मागे स्टेपल केली की मुकुट एकतर कपाळावर घसरतो नाहीतर रुततो. पट्टी १३ इंचांचीच कापा आणि दोन्ही टोकांना रिबिनी लावा, मागे बो बांधला की कोणत्याही डोक्याला बसतो. स्टेपलची पिन कुठेच नको. आतल्या बाजूला पुठ्ठ्याची कड कपाळाला काचते, तिथे मऊ सुती कापडाची पट्टी दुमडून शिवा. कडी आणि बाजूबंदांनाही इलॅस्टिक न लावता रिबीनच लावा, गुबगुबीत हातावर इलॅस्टिकचे वळ उठतात. मुकुट सगळ्यात शेवटी घालायचा आणि फोटो पहिल्या दोन मिनिटांत काढून घ्यायचे. तिसऱ्या मिनिटाला तो जमिनीवर असतो.

झबल्याला नवं काळं कापड आणलं असेल तर मिठाच्या पाण्यात दोनदा धुऊन घ्या, पहिल्याच घामाला काळा रंग मानेवर उतरतो. जुन्या चंद्रकळेचं शिवलंत तर तो त्रास नाही, शिवाय कापड मऊ.

तयार दागिने ठेवायचे कुठे, हा मुंबई-कोकण-गोव्याकडचा खास प्रश्न. दमट हवेत हलवा दोन दिवसांत चिकट होतो. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी फडक्यात बांधलेले मूठभर कोरडे तांदूळ, त्यावर कागद, त्यावर दागिने. फ्रिजमध्ये ठेवू नका; बाहेर काढल्यावर गार हलव्यावर दव जमतं आणि काटे वितळतात. मुंग्यांसाठी डबा पाणी भरलेल्या परातीत ठेवायचा. मुंग्यांचा खडू बाळाच्या वस्तूंच्या आसपासही आणायचा नाही.

डोक्यावर काय ओतायचं

पाव किलो चुरमुरे म्हणजे मोठं पातेलं भरून होतात, दहा-बारा मुलांच्या लुटीला तेवढा पाया पुरतो. त्यात अर्धा किलो बोरं, अर्धा किलो भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, थोड्या रेवड्या आणि बत्तासे. बोरं गावठी, छोटीच घ्या. हल्ली बाजारात सफरचंदाएवढी जी बोरं येतात ती चवीला कशीही असोत, बाळाच्या टाळूवर ओतण्यासारखी नाहीत. उसाचे करवे न सोलता टाकले तर सालीची धार हाताला कापते. सोलून इंचाचे तुकडे करा, आणि अगदी वेळेवर करा, चार तासांत ते काळपट पडतात आणि चुरमुऱ्यांना ओल देतात. स्ट्रॉबेरी फोटोत छान दिसते, पण तिचे डाग सतरंजीतून निघता निघत नाहीत.

ओतायला पायली किंवा मोठं माप न घेता आमटीची वाटी घ्या. डोक्यावर फक्त चुरमुरे, बत्तासे आणि दोन-चार बोरं. बाकीचं बाळाच्या भोवती सोडायचं. रडणारी बहुतेक बाळं ओतण्याला घाबरलेली नसतात, अचानक आठ-दहा बायका वाकून अंगावर आल्या म्हणून घाबरलेली असतात. एकेकीने समोर बसून ओतलं की बाळ स्वतःच मूठ भरून उधळायला लागतं.

लुटीतली एक गोष्ट मात्र कोणी गमतीवारी नेऊ नये. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत शेंगदाणा, हरभऱ्याचा दाणा, कडक गोळी किंवा बोराची आठळी अडकू शकते, आणि लुटीच्या गडबडीत कोणाच्या तोंडात काय गेलं ते कळत नाही. म्हणून लूट दोन फेऱ्यांत करा. पहिली फेरी छोट्यांची: चुरमुरे, बत्तासे आणि पुड्यांत बांधलेला खाऊ. ती मुलं आपापल्या आयांच्या मांडीवर परत गेली की शेंगा-बोरांची दुसरी फेरी मोठ्यांची. उत्सवमूर्तीच्या मुठीत काय आहे यावर आत्याला पहाऱ्याला बसवा. बहुतेक आत्या हे काम आनंदाने करतात.

पुड्यांसाठी खाकी कागदाचे आठ इंची चौकोन कापून शंकू वळायचे आणि वरचं टोक आत दुमडायचं. वर्तमानपत्राचा कागद नको. त्याची शाई खाण्याला लागते, आणि त्यात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अनेकदा बजावलं आहे.

परदेशात ताजी बोरं मिळणं कठीण. तिथे ब्लूबेरी, छोटी संत्री आणि मार्शमेलो यांवर भागवतात, आणि त्यात बिघडलं काहीच नाही. फक्त पॉपकॉर्न, मार्शमेलो आणि अख्ख्या ब्लूबेरी छोट्यांच्या फेरीत टाकू नका, त्याही घशात अडकणाऱ्यांतल्याच गोष्टी. घरात हीटर चालू असल्यामुळे हवा कोरडी असते, त्यामुळे हलवा तिथे मुंबईपेक्षा चांगला टिकतो.

मांडणी आणि आवराआवर

खाली सतरंजी, तिच्यावर जुनी डबलबेडची चादर, चादरीच्या मधोमध पाट. नुसती चादर फरशीवर घसरते म्हणून सतरंजी. पाटाभोवती रांगोळी काढण्याचा मोह आवरा, पहिल्याच झडपेत ती चुरमुऱ्यांत मिसळते आणि मग खाऊ फेकून द्यावा लागतो. रांगोळीची हौस उंबऱ्यात भागवा. पाट खिडकीकडे तोंड करून मांडा, खिडकी बाळाच्या पाठीमागे आली तर चेहरा काळा येतो. वेळ साडेचारच्या सुमाराची बरी: दुपारची झोप झालेली असते आणि जानेवारीतलं ऊन अजून खिडकीत असतं. औक्षणाचं तबक पडद्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला ठेवा. कागदी पतंग आणि निरांजन यांची गाठ पडता कामा नये.

या सगळ्याचा खर्च, खाऊ धरून, साधारण हजाराच्या आसपास बसतो. त्यातला मोठा भाग हलवा आणि बोरांचा, कागद-दोऱ्याचा अगदी किरकोळ.

संपल्यावर चादरीची चारही टोकं उचलून एकत्र आणली की उरलंसुरलं एका गाठोड्यात येतं. सांडलेले चुरमुरे हळद-कुंकू लागलेले असतात, ते माणसांनी खाऊ नयेत. दागिने बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत दर वर्षी वापरू म्हणून जपून ठेवण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात हलवा पाझरतो आणि डब्यात मुंग्यांचं वारूळ होतं. नेटची नळी उसवून दाणे काढून टाका. पुठ्ठ्यावरचा हलवा कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून निघतो. रिबिनी, मुकुटाची पट्टी आणि आतलं अस्तर एका पिशवीत घालून वर बाळाचं त्या वर्षीचं डोक्याचं माप लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षी घेर फार तर इंचभर वाढतो, तेवढा रिबिनीत निघतो.